एका शब्दाची खतावणी

व्यापारी घराण्याची खरी मिळकत कोणती, असे जुन्या पिढीतील एखाद्या शेठजींना विचारले, तर दुकान, गोदाम वा जमीन यांच्याआधी ते ‘पत’ हा शब्द उच्चारतात. भांडवल बुडाले तर पुन्हा उभे करता येते. पत गेली की दहा पेढ्यांची दारे एकाच दिवशी बंद होतात. या ‘पत’ शब्दाचा इंग्रजी सोयरा आज प्रत्येक दुकानात, प्रत्येक बिलावर आणि प्रत्येक मोबाइलवर दिसतो. तो शब्द म्हणजे ‘क्रेडिट’. क्रेडिट कार्ड, क्रेडिट नोट, क्रेडिट स्कोअर, इनपुट टॅक्स क्रेडिट, लेटर ऑफ क्रेडिट अशी त्याची रूपे सर्वांच्या ओठांवर आहेत. तथापि हा शब्द वाक्यात नेमका कसा योजावा, याविषयी भल्याभल्यांची गफलत होते. तिची किंमत कधी पैशांत, तर कधी नात्यांत मोजावी लागते.

समजा, इचलकरंजीच्या एखाद्या पेढीने कोइमतूरच्या पुरवठादाराकडून सूत मागवले. पैसे रोख चुकते केले. काही माल सदोष निघाला म्हणून तो परत पाठवला. पत्रव्यवहार अर्थातच इंग्रजीत. पेढीचा तरुण वारस पत्राच्या शेवटी लिहितो, ‘प्लीज गिव्ह अस क्रेडिट.’ परत केलेल्या मालाची रक्कम आमच्या खात्यावर जमा करावी, एवढेच त्याला म्हणायचे आहे. कोइमतूरच्या शेठजींना मात्र त्या वाक्यात उधारीची मागणी दिसते. आजवर रोखीने माल उचलणारी पेढी एकाएकी उधार का मागते, अशी शंका त्यांच्या मनात येते आणि पुढच्या मागणीच्या वेळी ते हात आखडता घेतात. वास्तविक त्या वाक्यापुढे ‘फॉर द रिटर्न्ड गुड्स’ एवढेच शब्द हवे होते. ते राहिले आणि ज्याचे येणे होते तोच याचक ठरला.

शब्द तोच, पण सोबतचे शब्द बदलले की पैसा कोणाकडून कोणाकडे जाणार, ही दिशाच पालटते. म्हणून ‘क्रेडिट’ म्हणजे काय, एवढे पाठ करून भागत नाही. तो कोणत्या क्रियापदासह येतो, त्याच्यापुढे कोणते अव्यय लागते आणि त्याच्यामागे ‘अ’ किंवा ‘द’ येतो की नाही, हेही शिकावे लागते.

शब्दाचे कूळ

‘क्रेडिट’चे मूळ लॅटिन भाषेतील ‘क्रेडेरे’ या क्रियापदात आहे. त्याचा अर्थ विश्वास ठेवणे, विश्वासाने सोपवणे. भाषाशास्त्रज्ञांच्या मते हे क्रियापद आणि संस्कृतातील ‘श्रद्धा’ हा शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघाले आहेत. म्हणजे बँकेच्या छापील अर्जावर जो शब्द कोरडा आणि परका वाटतो, तो आपल्या ‘श्रद्धे’चा दूरचा भाऊबंद आहे.

विश्वास या एकाच बीजाला पुढे चार फांद्या फुटल्या. विश्वासाने दिलेला माल म्हणजे उधारी. विश्वासास पात्र असणे म्हणजे पत. वहीत आलेल्या रकमेची नोंद म्हणजे जमा. आणि केलेल्या कामाची प्रांजळ पावती म्हणजे श्रेय. मराठीत या चार अर्थांना चार निराळे शब्द आहेत, त्यामुळे आपला घोटाळा होत नाही. इंग्रजीत चारही ओझी एकटे ‘क्रेडिट’ वाहते. यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे केवळ सोबतच्या शब्दांवरून ओळखायचे असते.

संगतीचे शास्त्र

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण शब्दांनाही लागू पडते. मराठीत हुंडी ‘वटते’, कर्ज ‘फिटते’, उधारी ‘थकते’ आणि कधी ‘बुडते’, श्रेय ‘लाटले’ जाते, तर पत ‘राखावी’ लागते. हुंडी फिटली किंवा पत वटली, असे कोणी म्हणत नाही. हे कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात न शिकता आपल्याला घरातच कळलेले असते. इंग्रजी शब्दांच्याही अशाच ठरलेल्या जोड्या आहेत. फरक इतकाच की त्या आपण जाणीवपूर्वक शिकाव्या लागतात.

शब्दांच्या या सहवासाला भाषाशास्त्रात ‘कोलोकेशन’ म्हणतात. या कल्पनेला विसाव्या शतकात प्रतिष्ठा मिळवून देणारे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ हे १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाचा अर्थ त्याच्या नेहमीच्या सोबत्यांवरून ओळखावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. परभाषकांना नेमकी हीच अडचण येते, हे ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना अनुभवले. त्यांचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो प्रसिद्ध केला. आज अनेक घरांत ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून असलेला कोश तो हाच. केवळ अर्थ न देता शब्द वाक्यात कसा चालतो हे दाखवणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

उधारीचे क्रेडिट

उधारीच्या अर्थाने ‘क्रेडिट’ मोजता येत नाही. पाणी वा विश्वास जसा नगांवर मोजत नाहीत, तसेच हे. म्हणून त्यामागे ‘अ’ लावू नये आणि त्याचे ‘क्रेडिट्स’ असे अनेकवचनही करू नये. माल उधार घेणे म्हणजे ‘बाय ऑन क्रेडिट’ आणि उधार विकणे म्हणजे ‘सेल ऑन क्रेडिट’. बाजारात सर्रास ऐकू येणारे ‘इन क्रेडिट घेतले’ हे चुकीचे आहे. इतकेच नव्हे, तर त्याचा अर्थ उलटा होतो. ‘द अकाउंट इज इन क्रेडिट’ म्हणजे खात्यात शिल्लक आहे. ‘ऑन’ आणि ‘इन’ या दोन इवल्या शब्दांत देणेकरी आणि शिल्लकदार यांच्याइतके अंतर आहे.

पुरवठादार उधारी देतो, तेव्हा तो ‘गिव्ह्ज क्रेडिट’ किंवा अधिक औपचारिक भाषेत ‘एक्स्टेंड्स क्रेडिट’. तीस दिवसांची उधारी सांगताना ‘थर्टी डेज क्रेडिट’ म्हणावे. ‘पीरियड’ शब्द जोडायचा असेल तर मात्र ‘अ थर्टी-डे क्रेडिट पीरियड’ असे होते. तेथे ‘डे’ एकवचनी राहतो आणि ‘अ’ येतो, कारण आता मोजला जातो तो ‘पीरियड’.

याच घरातील तीन विशेषणे नीट ओळखून ठेवावीत. ‘क्रेडिटवर्दी’ म्हणजे ज्याला उधार द्यावे असा, पतदार. ‘क्रेडिबल’ म्हणजे ज्याच्या बोलण्यावर विश्वास बसावा असा. ‘क्रेडिटेबल’ म्हणजे प्रशंसेस पात्र, आणि हे विशेषण बहुधा कृतीला किंवा यशाला लागते. बँकेला लिहिताना आपल्या जुन्या ग्राहकाचा ‘क्रेडिटेबल पार्टी’ असा उल्लेख केला, तर कौतुक होते, पण त्याच्या पतीबद्दल काहीच सांगितले जात नाही.

जमेचे क्रेडिट

रक्कम जमा होण्याच्या अर्थाने हा शब्द क्रियापद म्हणूनही येतो, आणि तेथे दोन वाटा आहेत. रक्कम कर्तास्थानी असेल तर ती ‘क्रेडिटेड टू द अकाउंट’ होते. खाते कर्तास्थानी असेल तर ते अमुक रकमेने, म्हणजे ‘क्रेडिटेड विथ’ होते. आपल्याकडे रूढ असलेले ‘क्रेडिटेड इन माय अकाउंट’ हे समजते, परंतु ते ‘खात्यात’ या मराठी सप्तमीचे शब्दशः रूप आहे.

येथे व्यापारी मुलांना आणखी एक कोडे पडते. आपण बँकेत पैसे भरले, तर आपल्या वहीत बँकेचे खाते नावे पडते, मग बँकेच्या उताऱ्यावर ‘क्रेडिट’ कसे? उत्तर सोपे आहे. तो उतारा बँकेच्या वहीचा आहे. आपली ठेव हे बँकेचे देणे, म्हणून तिच्या दृष्टीने ते जमा. शिवाय आपल्या देशी नाम्यात जमेची बाजू डावीकडे आणि नावे बाजू उजवीकडे असते. इंग्रजी पद्धतीत डेबिट डावीकडे आणि क्रेडिट उजवीकडे. त्यामुळे लाल वहीवर हिशेब शिकलेले आजोबा आणि संगणकावर शिकलेला नातू एकाच नोंदीकडे समोरासमोरच्या गवाक्षांतून पाहत असतात. क्रेडिट कोणाच्या वहीत, हे वाक्यात सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

‘क्रेडिट नोट’चेही तसेच. ती विक्रेता काढतो आणि खरेदीदाराला मिळते. म्हणून विक्रेता ‘इश्यूज अ क्रेडिट नोट’, तर माल परत करणारा ती मागतो. आपणच माल परत केला असताना ‘वी हॅव इश्यूड अ क्रेडिट नोट’ असे लिहिले, तर आपणच समोरच्याचे देणे मान्य केल्यासारखे होते.

क्रियापदाच्या निवडीला कायद्यात किती वजन असते, याचे उत्तम उदाहरण करव्यवस्थेत आहे. पूर्वीच्या सेनव्हॅट नियमांत चुकीने ‘टेकन ऑर युटिलाइज्ड’ झालेल्या क्रेडिटवर व्याज सांगितले होते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, येथे ‘ऑर’चा अर्थ ‘अँड’ असा लावता येणार नाही. क्रेडिट केवळ घेतले आणि वापरले नाही, तरीही व्याज लागेल. पुढे २०१२ मध्ये नियमाची शब्दरचना बदलून ‘टेकन अँड युटिलाइज्ड’ अशी करण्यात आली. जीएसटी कायद्याच्या कलम ५० मध्येही २०२२ च्या दुरुस्तीनंतर ‘अव्हेल्ड अँड युटिलाइज्ड’ अशीच योजना आहे. ‘अव्हेल’ म्हणजे क्रेडिट आपल्या खातेवहीत घेणे, ‘युटिलाइज’ म्हणजे त्यातून कर भागवणे. दुकानात बोलताना दोन्हींना ‘क्रेडिट घेतले’ म्हटले जाते. खात्याच्या नोटिशीला उत्तर देताना मात्र हा भेद पाळलाच पाहिजे.

मोजता येणारे क्रेडिट

निर्यातीच्या व्यवहारात याच शब्दाचे रूप बदलते. ‘लेटर ऑफ क्रेडिट’ला थोडक्यात ‘अ क्रेडिट’ म्हणतात, आणि येथे तो मोजता येतो. दोन पतपत्रे असतील तर ‘टू क्रेडिट्स’ म्हणणे शुद्ध. आंतरराष्ट्रीय व्यापारी मंडळाच्या ‘यूसीपी ६००’ या नियमावलीत, जी १ जुलै २००७ पासून लागू आहे, हा शब्द असाच वापरलेला आहे.

या ‘क्रेडिट’ची क्रियापदे ठरलेली आहेत. आयातदाराची बँक ते ‘इश्यू’ करते. निर्यातदाराच्या देशातील बँक ते ‘ॲडव्हाइज’ करते, म्हणजे फक्त कळवते. पैशांची हमी घेत नाही. तीच बँक ते ‘कन्फर्म’ करील, तर मात्र ती स्वतःची स्वतंत्र हमी त्यात जोडते. आता सांगलीचा एखादा हळद निर्यातदार, पतपत्र आले की नाही एवढेच विचारण्यासाठी, ‘प्लीज कन्फर्म द क्रेडिट’ असे बँकेला लिहितो. रोजच्या इंग्रजीत ‘कन्फर्म’ म्हणजे खात्री सांगणे; या नामाच्या सोबतीने मात्र ती हमीची मागणी होते, आणि त्या हमीला शुल्क पडते. त्याहून वाईट म्हणजे ‘ॲडव्हाइज्ड’ पत्रालाच ‘कन्फर्म्ड’ समजून निर्धास्तपणे माल जहाजावर चढवणे.

पतपत्राच्या जगात एका शब्दाने काय होते, हे लंडनच्या दोन जुन्या खटल्यांवरून कळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका बँकेकडे कोरोमंडल भुईमुगासाठी क्रेडिट उघडले होते. ‘कोरोमंडल ग्राउंडनट्स’ असे त्यात म्हटले होते. जहाजाच्या भरणापावतीत मात्र ‘यंत्राने सोललेले शेंगदाणे’ अशा अर्थाचे वर्णन आले. व्यापारात दोन्ही एकच माल समजतात, हे सर्वांना ठाऊक होते. तरीही बँकेने पैसे नाकारले आणि अपील न्यायालयाने बँकेची बाजू ग्राह्य धरली. प्रत्येक धंद्याची बोली बँकेला माहीत असावी, अशी अपेक्षा करता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व होते.

दुसरा खटला १९२० च्या दशकातील, बटाव्हियाहून म्हणजे आजच्या जाकार्ताहून येणाऱ्या व्हॅनिलाच्या शेंगांचा. गुणवत्तेचा दाखला ‘एक्स्पर्ट्स’नी, म्हणजे एकाहून अधिक तज्ज्ञांनी द्यावा, अशी अट होती. सांकेतिक तारेत एकवचन आणि अनेकवचन यांना एकच खूण होती. तिकडे वाचणाऱ्याने ‘एक्स्पर्ट’ असे एकवचन घेतले. एकाच तज्ज्ञाच्या दाखल्यावर पैसे दिले गेले. पेट्या उघडल्या तेव्हा विक्रेत्याने बहुतांशी काटक्या, दगड आणि जुने लोखंड भरल्याचे आढळले. हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की, अट अनेकवचनी असल्यामुळे बँकेला ते पैसे खरेदीदाराकडून वसूल करता येणार नाहीत. नामाचे वचन हा शाळेतला एका गुणाचा प्रश्न वाटतो. येथे त्याने संपूर्ण रकमेचा भार एका पक्षावरून दुसऱ्यावर टाकला.

श्रेयाचे क्रेडिट

आता शेवटची फांदी, जी पेढीइतकीच घरातही लागते. ‘गिव्ह क्रेडिट टू समवन फॉर समथिंग’ ही तिची पूर्ण रचना. श्रेय कोणाला, ते ‘टू’ सांगतो. कशाबद्दल, ते ‘फॉर’ सांगतो. ‘क्रेडिट ऑफ द सक्सेस’ हे ‘यशाचे श्रेय’ या मराठी षष्ठीचे भाषांतर आहे; इंग्रजीत ‘क्रेडिट फॉर द सक्सेस’ हवे. ‘टेक द क्रेडिट फॉर’ म्हणजे श्रेय स्वतःकडे घेणे, आणि त्यात बहुधा नापसंतीची छटा असते. म्हणून मुलाखतीत एखादा उमेदवार भाबडेपणाने ‘आय टुक द क्रेडिट फॉर धिस वर्क’ म्हणाला, तर समोरच्यांना तो दुसऱ्याचे श्रेय लाटणारा वाटू शकतो.

‘टू हर क्रेडिट’ हा प्रयोग मराठी मनाला सहज उमगावा. आपण म्हणतो, ‘चूक तिने स्वतःहून कबूल केली, ही तिच्या जमेची बाजू.’ इंग्रजीतही ते नेमके जमेच्या बाजूलाच मांडतात. आणि ‘शी इज अ क्रेडिट टू हर फॅमिली’ म्हणजे ती कुळाचे भूषण आहे. उधारीच्या अर्थाने वर्ज्य असलेला ‘अ’ येथे अत्यावश्यक आहे. तो गाळला तर भूषणही गळते.

कीर्द, खतावणी, तेरीज

हे सारे लक्षात कसे ठेवावे? व्यापारी घरांना परकी पद्धत शोधण्याची गरज नाही. आपलीच हिशेबाची रीत पुरेशी आहे. एक कोरी वही घ्यावी. पहिल्या पानांवर कीर्द: आठवडाभर बँकेच्या पत्रात, जीएसटीच्या पोर्टलवर, पुरवठादाराच्या संदेशात किंवा इंग्रजी वृत्तपत्रात ‘क्रेडिट’ जेथे दिसेल ते वाक्य तारखेसह जसेच्या तसे उतरवावे. अर्थाची घाई करू नये.

आठवड्याच्या अखेरीस खतावणी करावी. ‘ऑन’चे एक खाते, ‘टू’चे दुसरे, ‘फॉर’चे तिसरे, तसेच ‘गिव्ह’, ‘टेक’, ‘इश्यू’, ‘कन्फर्म’ यांचे. प्रत्येक वाक्य आपापल्या खात्यात न्यावे. त्यापुढे उधारी, पत, जमा वा श्रेय यांपैकी जो अर्थ असेल तो लिहावा. मग स्वतःच्याच व्यवहारातील एकेक वाक्य रचावे. आपल्या दुकानातील मालाचे, आपल्या गावातील बँकेचे वाक्य पुस्तकातल्या वाक्याहून अधिक काळ टिकते.

शेवटी तेरीज. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. देणारा कोण? घेणारा कोण? कशाबद्दल? तिन्हींची उत्तरे वाक्यातच मिळाली तर मेळ बसला. एखादे उत्तर निघाले नाही, तर अव्यय वा क्रियापद कोठे तरी राहिले आहे. कोइमतूरच्या त्या पत्रात ‘कशाबद्दल’ याचेच उत्तर नव्हते. एक नाम अशा रीतीने महिनाभर सांभाळले, की ‘इंटरेस्ट’, ‘अकाउंट’, ‘बॅलन्स’, ‘चार्ज’ ही पुढची नामे त्याच वहीत सहज येऊन बसतात.

नोंद एकतर्फी करू नये, ही शिकवण व्यापारी घरातील मुलाला अंक गिरवण्याच्या वयातच मिळते. प्रत्येक जमेला कोठे तरी नावे असते. इंग्रजी नामालाही तोच न्याय लावावा आणि त्याच्या जोडीदारासहच त्याची नोंद करावी. संध्याकाळी वह्या मिटताना आजोबांनी नातवाला ‘जमा’ आणि ‘नावे’ समजावावे. नातवाने आजोबांना ‘ऑन’ आणि ‘इन’मधला फरक सांगावा. पेढीच्या नावाने जाणारे पुढचे पत्र मग दोघांनी मिळून वाचून पाहावे आणि त्यानंतरच त्याखाली सही करावी.